मद्यपी वाहनचालकांच्या सुधारणेची परीक्षा : परिवहन आयुक्तांस अनावृत पत्र

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस



१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला, आणि मद्य पिऊन ती मोटार चालविल्याचा ज्याच्यावर आरोप होता त्या सतरा वर्षांच्या मुलास बाल न्याय मंडळाने काही तासांच्या आत जामीन मंजूर करताना ज्या अटी घातल्या, त्यांपैकी तीनशे शब्दांच्या निबंधाची अट साऱ्या महाराष्ट्रास तोंडपाठ झाली. तिच्याविषयी लोकांनी व्यक्त केलेला संताप योग्यच होता, असे माझे मत आहे. परंतु त्याच हुकुमात आणखी एक अट होती, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही : मुलाने व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन घ्यावे. हे समुपदेशन कोणत्या स्वरूपाचे, किती मुदतीचे, आणि ते पार पडल्यावर वर्तनात पालट झाला की नाही हे कोणी व कशावरून ठरवावयाचे, याविषयी त्या वेळच्या प्रचंड चर्चेत मला काहीच आढळले नाही. पुढे जामिनाचा तो हुकूम फिरला, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, आणि प्रकरण कोर्टकचेऱ्यांच्या वाटेने गेले. त्याच्या गुणदोषांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. मात्र ज्या प्रश्नास तेव्हा कोणी हात घातला नाही तो आपल्या खात्याच्या दप्तरी रोज नव्याने दाखल होणारा प्रश्न आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे आणि जाहीरपणे लिहीत आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास चालक गुन्हेगार ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या कसुरीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीच कसूर पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची चढती श्रेणी आहे. हा भाग पोलीस व न्यायालये यांच्या अखत्यारीतला. पण त्याच दुरुस्तीने कलम १९ मध्ये जी भर घातली तिची अंमलबजावणी आपल्याच खात्याकडे येते : पोलिसांनी जप्त करून धाडलेले लायसन्स पहिल्या कसुरीस तीन महिने निलंबित व्हावे, पुढच्या कसुरीस रद्द व्हावे, आणि निलंबित चालकाने उजळणी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा. केवळ दंड वसूल करून माणसास पुन्हा रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा त्याच्या सुधारणेची काही तजवीज करावी, हे तत्त्व कायद्याने अशा रीतीने मान्य केले याचे मला मनापासून समाधान वाटते, आणि ज्या तत्त्वाविषयी समाधान वाटते त्याचीच परीक्षा कसून व्हावी अशी इच्छा धरूनच पुढील मजकूर लिहिला आहे.

उजळणी ही विसरलेल्या विद्येची असते. सिग्नलचा अर्थ, वळणावरची गती, दोन वाहनांतील अंतर या गोष्टी ज्याच्या ध्यानातून गेल्या त्यास त्या पुन्हा शिकविता येतात. दारू पिऊन गाडी चालविणारास ती चालवू नये हे ठाऊक नसते, असे मात्र कोणीही म्हणणार नाही. गटारी अमावास्येच्या रात्री नाकाबंदी दिसताच जो गल्लीत गाडी वळवितो त्यास कायद्याचे ज्ञान पुरेपूर असते. शिवाय नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकणारी सगळी माणसे एका जातीची नसतात. लग्नाच्या वरातीनंतर किंवा कंपनीच्या पार्टीनंतर ‘दोनच पेग घेतले आहेत, घर जवळच आहे’ असे म्हणून निघालेला तरुण वेगळा. आणि सकाळी हात थरथरू नयेत म्हणून ज्यास घोटभर घ्यावीच लागते, जो पिऊनच कामावर जातो आणि पिऊनच घरी येतो, तो ट्रकचालक किंवा रिक्षावाला वेगळा. पहिल्यास धाक आणि थोडी समजूत पुरेशी होईल; दुसरा आजारी आहे, आणि त्यास वर्गात बसवून रस्त्यावरील खुणांची ओळख करून देणे म्हणजे त्याच्या आजाराकडे सरकारी मोहोर लावून दुर्लक्ष करणे होय. या दोघांस वेगळे ओळखणे अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात सिद्ध केलेली दहा प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरली जाते. ती घेण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात. जर्मनीत ज्याच्या रक्तात दर हजारी १.६ किंवा त्याहून अधिक मद्यार्क सापडतो त्यास लायसन्स परत मिळण्यापूर्वी वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणीस सामोरे जावे लागते, कारण इतके मद्य पचवून जो स्टिअरिंग धरू शकतो त्याच्या शरीरास मद्याची दीर्घ सवय असली पाहिजे, हे तेथील शासनाने गृहीत धरले आहे. आपल्याकडे नाकाबंदीतील यंत्रावरचा आकडा मर्यादा ओलांडल्याचा पुरावा म्हणून वापरला जातो. तो निदानाचा आरंभ म्हणूनही वापरता येईल.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मद्यपी चालकांस शिक्षेबरोबर शिक्षण द्यावे ही कल्पना नवी नाही. १९६६ साली अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी न्यायालयामार्फत असे वर्ग सुरू झाले, आणि पुढच्या दशकात ती पद्धत त्या देशभर पसरली. वर्गातून बाहेर पडणारांच्या ज्ञानात भर पडते, त्यांची मते पालटतात, ते पश्चात्तापाची भाषा बोलू लागतात, असे अहवाल भराभर प्रसिद्ध झाले. परंतु मते पालटणे आणि रात्री अकरा वाजता खिशातली किल्ली मित्राच्या हाती देणे या दोहोंमधले अंतर त्या अहवालांनी मोजले नव्हते. एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अशा २१५ मूल्यमापनांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की सुधारणा-कार्यक्रमांमुळे पुन्हा तीच कसूर घडण्याचे आणि मद्यजन्य अपघातांचे प्रमाण सरासरीने ७ ते ९ टक्क्यांनी घटते. केवळ व्याख्याने देण्यापेक्षा शिक्षण, मानसोपचार आणि नंतरची दीर्घ देखरेख यांचा संयोग अधिक गुणकारी ठरतो. आणि लायसन्सचे निलंबन व उपचार हे एकमेकांस पर्याय नसून पूरक आहेत.

७ ते ९ टक्के हा आकडा वाचून कोणी निराश होईल, त्यांस माझी विनंती आहे की त्यांनी त्याचा नीट विचार करावा. ज्या देशात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली, तेथे अशा टक्क्यांमागे कित्येक घरांतील कर्ती माणसे उभी असतात. पण त्याच आकड्यात एक कठीण अडचण दडलेली आहे. समजा, पकडल्या गेलेल्या शंभर चालकांपैकी दहा जण काही वर्षांत पुन्हा पकडले जातात, आणि कार्यक्रमामुळे हे प्रमाण ८ टक्क्यांनी उतरते. म्हणजे दहाचे नऊ पूर्णांक दोन होते. इतका बारीक फरक दैवयोगाचा नव्हे असे विश्वासाने म्हणावयाचे, तर कार्यक्रमात गेलेले आणि न गेलेले असे दोन्ही गट प्रत्येकी वीस हजारांहून मोठे असावे लागतात. एखाद्या शहरातील एखाद्या संस्थेने पन्नास जणांचा वर्ग घ्यावा, त्यांतील अठ्ठेचाळीस जण वर्षभरात पुन्हा सापडू नयेत, आणि छायाचित्रासह ‘९६ टक्के यश’ अशी बातमी छापून यावी, या बातमीस पुराव्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही. वर्ग न घेताही त्या पन्नासांतील बहुतेक जण सापडले नसते, कारण मद्य पिऊन गाडी हाकणारा माणूस पोलिसांच्या हाती लागणे हीच मुळी विरळा घटना आहे. असा प्रश्न राज्याच्या पातळीवरच सुटू शकतो, आणि राज्यभरच्या लायसन्सचे दप्तर आपल्या हाती आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि तिने मोठमोठ्या शासनांस चकविले आहे. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यान्वये मद्यपी चालकांसाठी पुनर्वसनाचे अभ्यासक्रम प्रथम प्रायोगिक स्वरूपात आणि २००० सालापासून कायम स्वरूपात सुरू झाले. चालकाने स्वतःच्या खर्चाने अभ्यासक्रम पुरा केला तर लायसन्स-बंदीची मुदत एक चतुर्थांशापर्यंत कमी होते. अभ्यासक्रमास न गेलेल्यांत पुन्हा कसूर करण्याचे प्रमाण गेलेल्यांच्या दुपटीहून अधिक, असे तेथील पाहणीत आढळले. आकडा खरा आहे. पण तो कशाचा आकडा आहे? ज्यास स्थिर नोकरी आहे, ज्याच्याजवळ शुल्क भरण्याइतके पैसे आहेत, ज्यास आपल्या वर्तनाची लाज वाटते आणि ज्याच्या घरी कोणी ‘तू जाच’ म्हणून आग्रह करणारे आहे, तो मनुष्य अभ्यासक्रमास जातो. ज्याचे यांतले काहीच शिल्लक राहिलेले नाही तो जात नाही. दोघांच्या पुढील वर्तनात जो फरक दिसला त्यातला किती अंश अभ्यासक्रमाचा आणि किती अंश त्या माणसांच्या पूर्वस्थितीचा, हे केवळ त्या दोन आकड्यांवरून कोणासही सांगता यावयाचे नाही. हीच चूक दुसऱ्या वाटेने होते ती अशी, की अभ्यासक्रम मध्येच सोडून गेलेल्यांची नावे हजेरीपटावरून उडविली जातात आणि ‘पूर्ण करणाऱ्यां’चाच हिशेब सादर होतो. सोडून जाणारे बहुधा सर्वांत आजारी असतात. रुग्णालयाने मेलेल्या रोग्यांस वगळून उरलेल्यांच्या प्रकृतीचा ताळेबंद मांडावा, तसा हा प्रकार आहे.

सद्भावनेने योजलेला उपाय निष्फळ ठरू शकतो, हे मान्य करण्याचे धैर्यही मूल्यमापनास लागते. अपघातात आप्त गमावलेल्या माता-पित्यांनी मद्यपी चालकांच्या समोर उभे राहून आपली हकीकत सांगावी, अशी सभांची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. ऐकणारांचे डोळे भरून येतात, यात शंका नाही. सांगणारांचे दुःखही काहीसे हलके होत असेल. परंतु न्यू मेक्सिको राज्यात जेव्हा अशा सभांस पाठविलेले आणि न पाठविलेले चालक यांची शिस्तीने तुलना झाली, तेव्हा पुन्हा कसूर करण्याच्या प्रमाणात घट आढळली नाही. गाडीच्या इंजिनास श्वासयंत्र जोडून मद्याचा अंश आढळल्यास ती सुरूच होऊ नये, अशी योजना यंत्र असेपर्यंत चांगलीच लागू पडते. यंत्र काढले की तिचा परिणाम ओसरतो, असे संशोधनाच्या आढाव्यांतून निष्पन्न झाले आहे. आपल्याकडे तर नोंदणीकृत वाहनांत दुचाकींचा भरणा सर्वाधिक, आणि किल्ली कोणाचीही चालते. त्यामुळे हा उपाय येथे किती टिकेल याविषयी मी साशंक आहे.

याउलट साउथ डकोटा राज्याचे उदाहरण मला विशेष मननीय वाटते. तेथे २००५ पासून पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्या चालकांस दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, श्वासपरीक्षेस हजर राहण्याचे बंधन घालण्यात आले. मद्य आढळले तर लगेच, पण एक-दोन रात्रींचीच कोठडी. शिक्षा लहान, परंतु ती टळत नाही आणि लांबतही नाही. ही योजना सर्व तालुक्यांत एकाच दिवशी सुरू झाली नाही, आज येथे तर पुढच्या वर्षी तेथे अशी पसरत गेली. त्यामुळे ती आलेले तालुके आणि अद्याप न आलेले तालुके यांची तुलना संशोधकांस करता आली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मद्यपी चालनाच्या पुनरावृत्त अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. मद्यपी चालकाचा पहिला बळी पुष्कळदा रस्त्यावर नसतो, घरात असतो. कार्यक्रम यशस्वी झाला की नाही याची साक्ष पोलिसांच्या नोंदवहीआधी त्याच्या पत्नीपाशी आणि मुलांपाशी असते. तिची नोंद घेणारा एकही रकाना आपल्या कोणत्याही नमुन्यात नाही.

हे ज्ञान महाराष्ट्रास परके नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली केली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीने त्या कार्यास बळ मिळाले. व्यसन हा आजार आहे, तो काही आठवड्यांच्या निवासाने संपत नाही, नंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबीयांचा सहभाग यांवाचून उपचार पुरा होत नाही, ही दृष्टी त्या केंद्राने मराठी समाजात रुजविली. तशी दृष्टी बाळगणारी माणसे राज्यात असताना मद्यपी चालकांच्या सुधारणेचे काम केवळ मोटार-प्रशिक्षण शाळांच्या हाती राहावे, याचे मला दुःख होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. उपचार-समुपदेशनाचा खरा कार्यक्रम काही जिल्ह्यांत सुरू करावा, आणि कोणत्या जिल्ह्यात आधी व कोणत्या जिल्ह्यात नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. साऱ्या राज्यास पुरतील इतके समुपदेशक आज उपलब्ध नाहीत. कोणीतरी थांबणारच आहे, तर त्या थांबण्यातूनच ज्ञान मिळवावे. चिठ्ठीत अन्याय नाही. शिफारशीवर जागा वाटण्यापेक्षा ती शतपट न्याय्य आहे. कार्यक्रमास ज्याचे नाव लागले तो प्रत्येक जण, आला असो वा नसो, अखेरच्या हिशेबात मोजला जावा. शुल्क ऐपतीप्रमाणे असावे, नाहीतर आलिशान मोटारवाला सुधारलेला ठरेल आणि रिक्षावाल्याची रोजी तेवढी बुडेल. पाठपुरावा किमान तीन वर्षांचा असावा.

नोंदीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. ठाण्यात पकडलेला इसम पुढच्या वर्षी नाशिकला सापडला, तर तो दुसऱ्यांदा सापडला हे तेथल्या अंमलदारास तत्काळ कळले पाहिजे. ‘सारथी’ या लायसन्सच्या देशव्यापी दप्तरात ही सोय करणे अशक्य नाही, आणि ती नसेल तर वाढत्या शिक्षेची तरतूद कागदावरच राहते. दुसरे असे की, पकडल्या गेलेल्यांची संख्या ही पिणारांच्या संख्येइतकीच पोलिसांच्या उत्साहावर अवलंबून असते. २००७ साली मुंबईत वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध मोठी मोहीम हाती घेतली, तेव्हा खटले वाढले. त्यावरून मुंबईकर एकाएकी अधिक पिऊ लागले असा अर्थ कोणी काढला नाही. तसेच नाकाबंदी सैल झाल्याने कमी झालेल्या अटका हे पुनर्वसनाचे यश म्हणून मिरविले जाऊ नये. देशाच्या अधिकृत आकडेवारीत मद्यजन्य अपघाती मृत्यूंचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास दाखविला जातो. प्रत्येक गंभीर अपघातात चालकाचे रक्त वेळेवर आणि निर्लेप रीतीने तपासले गेल्याशिवाय त्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि आपणही ठेवू नये. कल्याणीनगरच्या प्रकरणात नमुन्याविषयी जो आरोप झाला त्याचे गांभीर्य एका खटल्यापुरते नाही.

हे मूल्यमापन कार्यक्रम चालविणाऱ्या संस्थेने करू नये, आणि क्षमा असावी, आपल्या खात्यानेही करू नये. ज्या प्रांतात धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून १९४५ आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, त्या प्रांतात असे काम निःस्पृहपणे करणाऱ्या संस्थांची वाण नाही. त्यांच्या हाती नावे वगळलेले दप्तर द्यावे, आणि निष्कर्ष काहीही निघो, तो अमुक तारखेस प्रसिद्ध होईल असे कार्यक्रमाच्या आरंभीच जाहीर करावे.

मृतांचे आप्त मला विचारतील की, गुन्हेगारांच्या सुधारणेची एवढी चिंता, मग आमचे काय? त्यांचा प्रश्न मी टाळणार नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडून मेले. चालकाची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. सात प्राणांपुढे तीन वर्षे पुरेशी होती असे मी म्हणणार नाही, आणि कोणत्याही समुपदेशनाने ती आणखी कमी व्हावी असेही म्हणणार नाही. पण मनुष्यवधाचा खटला उभा राहण्यापूर्वी बहुधा अशी एखादी रात्र येऊन गेलेली असते, जेव्हा तोच हात, तीच बाटली आणि तीच गाडी असते आणि केवळ रस्ता मोकळा असतो. त्या रात्री जो नाकाबंदीत सापडतो तो आपल्या खात्याच्या हाती तीन महिने असतो. त्या तीन महिन्यांत त्याच्यावर काय केल्याने तो पुन्हा तसे करीत नाही, हे महाराष्ट्रास आज खात्रीने सांगता येत नाही.

ते सांगता यावे यासाठी पहिल्या चिठ्ठ्या याच आर्थिक वर्षात टाकाव्यात, आणि मूल्यमापनाची योजना त्यापूर्वी लोकांसमोर ठेवावी, ही आपणांस आग्रहाची विनंती.



आपला नम्र,
एक नागरिक